काळी नदीचे पाणी आणि पाणथळींचा कारभार



या व्याख्यानासाठी मला पाचारण करण्यात आले तेव्हा एखाद्या संतकवीवर किंवा शाहिरी वाङ्मयावर मी बोलेन, अशी चालकांची अपेक्षा असावी. आयुष्यभर मी मराठीचे अध्यापन केले, त्यामुळे ती अपेक्षा रास्तच होती. परंतु माझे आजोळ सुप्याचे. जोयडा तालुक्याचे जुने ठाणे असलेले ते सुपा आज काळी नदीच्या जलाशयाखाली आहे. गुरुजी वर्गात नेहमी म्हणत, की ज्याला आपल्या गावचा ओढा कोठून येतो हे ठाऊक नाही त्याने गंगेचे वर्णन पाठ करू नये. तेव्हा आज मी आपल्या ओढ्याविषयी बोलणार आहे. पाणथळ जागा, तेथील वन्य जीव आणि त्या जागांचा कारभार यांचा इतिहास हा माझा विषय. मी वनशास्त्राचा जाणकार नव्हे. जे कागदोपत्री वाचले आणि जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच मांडणार आहे.

१

आरंभ शब्दापासून करतो. ती माझी सवय आहे. आपल्या भाषेत पाण्याने भिजलेल्या जमिनीला किती नावे आहेत पाहा. डोह, डबके, पाणवठा, दलदल, खाचर, कोंड, खाजण. यातील प्रत्येक शब्दामागे एक निराळा उपयोग आहे आणि त्या उपयोगामागे एक निराळा हक्क आहे. पाणवठा सर्वांचा. खाचर कसणाऱ्याचे. कोंड बहुधा देवाचा. खाजण गावकीचे. महसुली दप्तरात मात्र ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती सगळी 'पड', मग तिच्यात बारा महिने मासे असोत वा बगळे. भाषेने जे भेद राखले ते दप्तराने पुसले, आणि पाणथळींच्या दुर्दशेचा इतिहास बराचसा या पुसण्याचा इतिहास आहे.

१९७१ साली २ फेब्रुवारीला इराणमधील रामसर या गावी पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या करारातील व्याख्या पुष्कळच उदार आहे. पाणी नैसर्गिक असो वा माणसाने अडविलेले, कायम असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, त्या सर्वांना ती पाणथळ मानते. भारत १९८२ साली या करारात सामील झाला. २०१७ साली आपल्या देशात जे पाणथळविषयक नियम झाले त्यांतून मात्र नदीचे पात्र आणि भाताची शेते वगळण्यात आली. जोयड्याच्या माणसाला हे वाचून हसू येईल. कारण आमच्याकडे नदीचे पात्र आणि भाताचे खाचर सोडले तर पाणथळ म्हणून उरते काय?

२

आता या भूमीकडे वळू. काळी नदी जोयडा तालुक्यातील डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर पाऊस अपरंपार. कॅसलरॉकच्या बाजूला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस नवलाचा नाही. डोंगराच्या कुशीत जेथे जेथे सपाटी मिळेल तेथे कुणबी शेतकऱ्याने बांध घालून खाचर केले. वरच्या खाचरातले पाणी खालच्या खाचरात, तेथून ओढ्यात, ओढ्यातून नदीत. चार महिने हे संपूर्ण खोरे म्हणजे एक पायऱ्यापायऱ्यांची पाणथळच असते. बेडूक, खेकडे, मासे, बगळे यांचे जे काही राज्य तेथे नांदते, त्याला कोणी अभयारण्य म्हणत नाही. पण ते तसे असते.

या खोऱ्यात तीन प्रकारची माणसे विशेष करून राहत आली. कोकणी बोलणारे कुणबी, मराठीची एक जुनी बोली बोलणारे म्हशीपालक गवळी आणि आफ्रिकी वंशाचे सिद्दी. कुणबी भाताबरोबर डोंगरउतारावर कुमरीची शेतीही करीत. झाडोरा तोडावा, जाळावा, राखेत नाचणी पेरावी आणि एकदोन वर्षांनी ती जागा पुन्हा रानाला सोपवावी, अशी ती रीत. त्यांच्या कंदमुळांची ख्याती आजही आहे. जोयड्याला कंदांचा मेळा भरतो तेव्हा लांबून लोक येतात. वाघाला हे लोक देव मानतात, आणि देवराईत कुऱ्हाड लावीत नाहीत.

कानडा जिल्हा १७९९ साली टिपूच्या पाडावानंतर इंग्रजांकडे आला. पुढे १८६२ साली त्याचा उत्तर भाग मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला. सुपे प्रांताचा मुंबईशी, आणि पर्यायाने मराठी शाळांशी व मराठी दप्तराशी जो संबंध दृढ झाला त्याला या बदलाचा मोठा हातभार लागला. मुंबई सरकारने १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमले होते. आरमारासाठी आणि पुढे रेल्वेसाठी सागवान हवे होते. दांडेलीच्या सागाची कीर्ती मोठी. त्यामुळे कुमरीवर संक्रांत आली. कुणब्याचा कोयता हा जंगलाचा शत्रू आणि ठेकेदाराची करवत ही मात्र जंगलाची व्यवस्था, असा न्याय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. १८७८ च्या वन कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. येथून पुढे गावकऱ्याचा वनातील वावर हा 'हक्क' न राहता 'सवलत' झाला. हा एक शब्द बदलला आणि पुढचे दीडशे वर्षांचे दुःख त्यातून निघाले.

३

गावाने पाण्याचे आणि पाण्यातील जीवांचे रक्षण केल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळणकोंड आहे. तेथील डोहातले मासे देवीचे मानले जातात, त्यांना कोणी धरीत नाही. तमिळनाडूतील वेदांतंगळच्या तळ्यावर येणाऱ्या पक्ष्यांना गावकरी शिकाऱ्यांपासून जपत. कारण साधे होते. पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी सकस होई आणि ते शेताला मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील इंग्रज कलेक्टरने गावाचा हा अधिकार मान्य केला होता. गोव्यात खाजण जमिनींचे बांध आणि पाणी आत-बाहेर सोडणारी मानस ही दारे गावकऱ्यांच्या संघटनेने शतकानुशतके सांभाळली. भरती-ओहोटीचा हिशेब चुकला तर शेत खारे होई, म्हणून तो कोणी चुकवीत नसे.

या तिन्ही ठिकाणी एक समान सूत्र दिसते. जो राखतो त्याला राखण्याचा लाभ मिळतो आणि न राखल्याचा तोटाही त्यालाच सोसावा लागतो. श्रद्धा आहेच, पण श्रद्धेच्या जोडीला हिशेबही आहे. गावाच्या कारभाराचे मी येथे गोडवे गात नाही. गावातही दांडगा आणि दुबळा असतो, आणि कोंडातल्या देवाला न जुमानणारेही निघतात. परंतु कारभार करणारा नदीच्या काठावरच राहत असे, एवढा गुण त्या व्यवस्थेत निश्चित होता.

सरकारी अभयारण्य ही त्यामानाने अर्वाचीन कल्पना. म्हैसूर संस्थानाने सलीम अली यांच्या आग्रहावरून १९४० साली कावेरीतील रंगनतिट्टू येथे पक्ष्यांसाठी आश्रयस्थान केले. आपल्या भागात दांडेलीचे अभयारण्य १९५६ च्या मे महिन्यात जाहीर झाले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. राज्यपुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ची. म्हणजे अभयारण्याचा हुकूम मुंबई राज्याचा आणि सहा महिन्यांच्या आत अंमल म्हैसूर राज्याचा! त्याच सुमारास दांडेलीत कागदाचा कारखाना उभा राहिला आणि आसपासच्या बांबूला त्याची वाट दाखविण्यात आली. एकाच जंगलाच्या कपाळी संरक्षण आणि कच्चा माल असे दोन शिक्के बसले.

४

सुप्याच्या धरणाचा इतिहास हा माझ्या घरचाही इतिहास आहे. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमाजवळ सुपा वसले होते. माझ्या लहानपणी मे महिन्याची सुट्टी तेथे जाई. आजोबांचे खाचर नदीपासून दोन शेतांवर होते. पहिल्या पावसात मासे ओढ्याने वर चढत, आणि मामा बांबूच्या सापळ्यात ते धरी. मात्र पोटात अंडी असलेली मासळी तो परत सोडी. "आज सोडलं तर उद्या घावंल," एवढेच त्याचे शास्त्र. नदीच्या वळणावर एका डोहात मगरी असत. त्या बाजूला आम्हा मुलांना जाऊ देत नसत, आणि मगरीला कोणी मारीतही नसे.

१९७०च्या दशकात गणेशगुडीजवळ धरणाचे काम सुरू झाले. १०१ मीटर उंचीचे, ३३२ मीटर लांबीचे हे धरण १९८७ च्या सुमारास पूर्ण झाले. पायथ्याशी ५० मेगावॅटची दोन यंत्रे आहेत, परंतु धरणाचे खरे काम पाणी साठवून खालच्या नागझरीच्या मोठ्या वीजगृहाला पुरविण्याचे. पुढे कोडसळ्ळी आणि कद्रा ही धरणे झाली, आणि कद्र्याच्या जलाशयाशेजारी कैगा येथे अणुवीज केंद्र आले. कर्नाटकाच्या दिव्यांचा केवढा तरी वाटा या एका नदीने उचलला आहे. ती वीज नको होती, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः तिच्याच उजेडात माझा प्रबंध लिहिला.

पण सुपा गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, तालुक्याचे नावही बदलले. पुष्कळ कुटुंबांना रामनगरला वसविण्यात आले. आजोबांनी घराचे वासे, कवाडे, उंबरा काढून बैलगाडीत घातले. खाचर गाडीत घालता येत नाही. भरपाईच्या कचेरीत त्यांना विचारण्यात आले, "तुमच्या जमिनीचे क्षेत्र किती?" त्यांनी क्षेत्र सांगितले. ओढ्यातले मासे, काठावरचा फणस, रानातले कंद, म्हशींचा पाणवठा यांचे क्षेत्र कागदावर नव्हते, म्हणून त्यांचे मोलही झाले नाही. आणि ज्या कुटुंबाने एवढ्या मोठ्या जलाशयासाठी आपले गाव दिले त्या कुटुंबातील बायकांना नव्या वसाहतीत उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी रांग लावावी लागली. आजोबा नंतर फार दिवस जगले नाहीत. ते कशाने गेले असे कोणी विचारले, की आजी म्हणे, "पाण्यानं." ते बुडून गेले असे ऐकणाऱ्याला वाटे, आणि आजी तो समज कधी दुरुस्त करीत नसे.

५

योगायोग असा, की धरण पुरे होण्याच्या सुमारासच, १९८७ साली, अणशी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१५ साली त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. दांडेलीजवळच्या काळीकाठी धनेश पक्ष्यांसाठी २०११ साली संवर्धन राखीव क्षेत्रही करण्यात आले. नदीकाठची उंच, जुनी, ढोलीची झाडे आणि उंबर-वडाची फळे यांच्यावाचून धनेश जगत नाही, म्हणून काठ राखणे म्हणजेच पक्षी राखणे होय, हा विचार त्यामागे होता. तो योग्यच आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत मोठा फरक आहे. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात ते संपवावे लागतात. गुरे चारण्यास तेथे जागा नाही. २००२ च्या दुरुस्तीने संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव असे दोन सौम्य प्रकार आणले. कर्नाटकातच कोक्करेबेळ्ळूर या गावी पेलिकन आणि चित्रबलाक घरांच्या दारातल्या झाडांवर घरटी करतात. २००७ साली ते सामुदायिक राखीव झाले. म्हणजे कायद्याच्या पेटीत हत्यारे अनेक आहेत. कोणत्या जागी कोणते काढावे, हा विवेक हवा.

विवेक सुटला की काय होते, याचा धडा राजस्थानातील भरतपूरने दिला आहे. केवलादेव हे आपल्या देशातील रामसर यादीतले आरंभीचे नाव. तेथे १९८२ साली म्हशींच्या चराईवर एकाएकी बंदी आली. संघर्ष झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेक वर्षे केलेल्या अभ्यासातून निष्पन्न झाले ते असे: म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवीत होत्या. त्या गेल्यावर गवताने तळी व्यापली आणि कित्येक पाणपक्ष्यांना जागा उरली नाही. ज्यांना शत्रू मानून हाकलले तेच कारभारातले भागीदार होते. आमच्या गवळ्यांच्या म्हशींविषयी बोलताना मला हा दाखला नेहमी आठवतो. प्रत्येक ठिकाणी चराई हितकर असते असा याचा अर्थ नव्हे. अभ्यासाआधी बंदी आणि बंदीनंतर अभ्यास हा क्रम उलटा आहे, एवढाच याचा अर्थ.

६

एक शंका विद्यार्थ्यांच्या मनात येईल. सुप्याचा एवढा मोठा जलाशय झाला, मग तेथे पाणपक्ष्यांची दाटी का होत नाही? महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर बंधारा झाला. त्यात गाळ साचला, उथळ पाणी पसरले, पाणवनस्पती माजल्या, आणि माणसाच्या हातून नकळत पक्ष्यांचे माहेरघर उभे राहिले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी उतरतात, त्याचेही कारण तेच. काठ सपाट, पाणी उथळ, चिखल विपुल.

सुप्याचे तसे नाही. डोंगरांच्या मध्ये पाणी खोल भरले आहे. काठ उभे आहेत, आणि विजेच्या मागणीप्रमाणे पातळी वर्षभरात कित्येक मीटर वर-खाली होते. काठावर वनस्पतींना मूळ धरायला सवड मिळत नाही. पाणी उतरले की लाल मातीचा उघडा पट्टा दिसतो, पाणी चढले की तोही जातो. धरणाखाली याच्या उलट प्रकार. वीजगृह चालू तेव्हा नदी भरते, बंद तेव्हा खडक उघडे पडतात. शहरातील दिवे लागण्याच्या वेळेवर गणेशगुडीच्या खालची नदी चालते. पाणमांजरांची बिळे, मगरींची अंडी घालण्याची वाळू, माशांचे विणीचे प्रवाह यांचे वेळापत्रक ऋतूचे असते, ते विजेच्या मागणीशी जुळत नाही. आता नदीत तराफ्यांचा खेळ चालतो, काठाला विश्रामगृहे झाली आहेत. त्यांचेही दिवस याच सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून. म्हणून मी म्हणतो, की काळीच्या पाणथळींचा खरा व्यवस्थापक वनखात्याचा अधिकारी नव्हे, धरणाच्या दाराची किल्ली ज्याच्या हाती आहे तो होय. वने एका कचेरीत, पाणी दुसऱ्या कचेरीत, जमीन तिसऱ्या कचेरीत, आणि माणूस कोणत्याच कचेरीत नाही, अशी ही स्थिती आहे.

७

सर्वांत कठीण प्रश्न शेवटी घेतो. २००६ साली वनहक्क कायदा झाला. वसाहतकाळापासून झालेला अन्याय दूर करण्याचा हेतू त्याच्या प्रस्तावनेतच नमूद आहे. त्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखविला की पुरे. इतरांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. गोव्यातील कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. जोयड्याच्या कुणब्यांची तीच मागणी वर्षानुवर्षे चालू आहे. भाषा तीच, देव तेच, सोयरिकीही घाटाच्या दोन्ही बाजूंना. पण सीमेच्या या बाजूला त्याच माणसाने पंचाहत्तर वर्षांचा कागद आणायचा. कुमरी करणाऱ्याला कोणी कागद दिला होता? आणि ज्याचे गावच पाण्याखाली गेले त्याने पुरावा कोठून काढायचा?

व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने बाहेर जाणाऱ्या कुटुंबास आधी दहा लाख आणि पुढे पंधरा लाख रुपये देण्याची योजना झाली. काही कुटुंबांनी ती घेतली. रस्ता नाही, दवाखाना लांब, मुलांना शाळेसाठी मैलोगणती चालायचे, असे असताना ज्याने रान सोडले त्याला दोष देता येणार नाही. पण ज्या रानात सोयी येऊच दिल्या नाहीत तेथून निघणे कितपत स्वेच्छेचे, हे विचारले पाहिजे. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अभयारण्याचे कुंपण नसते तर खाणी, आणखी धरणे आणि सागाचे व्यापारी यांनी हे खोरे केव्हाच फस्त केले असते. आज अणशीच्या रानात काळा बिबट्या दिसतो आणि दांडेलीच्या आकाशात धनेश जोडीने जातात, यात वनखात्याचे श्रेय आहे. मी वन्यजीवांच्या विरुद्ध माणसाचा वकील म्हणून उभा नाही. माझे म्हणणे इतकेच, की ज्यांच्या संयमामुळे ही पाणथळ आणि हे रान आपल्यापर्यंत पोहोचले, त्यांना त्याच्या कारभारात जागा हवी. धरणातून पाणी कधी आणि किती सोडावे, कोणत्या डोहात मासेमारी बंद असावी, कोठे चराई चालावी, हे ठरविताना ग्रामसभेला विचारले जावे.

काही वर्षांपूर्वी पाऊस कमी झाला होता. उन्हाळ्यात जलाशय खूप उतरला आहे असे कळले म्हणून मी सुप्याला गेलो. चिखलातून देवळाचे अवशेष वर आले होते. आजोबांच्या खाचराची जागा मला ओळखता आली नाही, पण एका बांधाचे दगड तेवढे रांगेने दिसत होते. त्या बांधाच्या आतल्या बाजूला वीतभर पाणी साचले होते आणि त्या पाण्यात पाच-सहा बगळे उभे होते. एवढ्या अफाट जलाशयात त्यांना उभे राहण्याजोगी जागा मिळाली ती कोणा कुणब्याने कधीकाळी घातलेल्या बांधापाशी.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून अशी खाचरे आहेत. माझी एक विनंती आहे. या शाळेत एक वही ठेवा. आपल्या गावचा ओढा कधी वाहू लागला, कधी आटला, कोणता पक्षी कधी आला, डोहाला काय म्हणतात, त्या डोहाचा नियम कोणता, हे आजीआजोबांना विचारून तीत लिहा. तारीख घाला. पंचाहत्तर वर्षांनी कोणीतरी कागद मागेल. तो तेव्हा कोणापाशी तरी असावा.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी थांबतो.